घर आवरू नका

"त्या दिवशी घर आवरू नका," आक्सोय बाई म्हणाल्या. एकार्टने मान डोलावली, पण पुढे पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं त्याला झालं. बाकी सगळं त्याला ठाऊक होतं. आईसाठी पुन्हा अर्ज करायचा. शुश्रूषा-विम्याचा तपासनीस पुन्हा घरी येणार, आईला काय काय जमत नाही ते बघणार आणि त्यावरून श्रेणी ठरणार. श्रेणी चांगली लागली तर आईला दिवसभर सांभाळणाऱ्या केंद्रात जागा मिळणार, सकाळी अंघोळ घालायला बाई येणार. वृद्धांच्या सल्लाकेंद्रातल्या आक्सोय बाई हे रोज कितीतरी घरांना सांगत असतील. तरी घर आवरू नका हे वाक्य त्याला कुणी तोंडावर सांगेल असं वाटलं नव्हतं. "म्हणजे घाण करून ठेवायची का?" त्याने विचारलं, तेव्हा त्या हसल्या नाहीत. घाण करायची नाही, म्हणाल्या, तुम्ही घरात नसता तर घर जसं असतं, तसं दिसू द्यायचं. तुम्ही नसता तर. एकार्टने कोट घातला, बटणं लावली, शेवटचं बटण चुकीच्या काजात गेलं ते पुन्हा काढून लावलं आणि आभार मानून बाहेर पडला.

ट्राममध्ये बसायला जागा होती, पण तो उभाच राहिला. नोव्हेंबर लागला होता. श्टुटगार्टवर दुपारपासूनच अंधारून आलं होतं आणि हेस्लाखच्या चढणीवरची घरं धुक्यात अर्धी बुडाली होती. गेल्या वसंतातला अर्ज कसा फसला हे तो पुन्हा आठवत राहिला, आठवून काही निघणार नव्हतं तरी. तेव्हा गुद्रुन, त्याची थोरली बहीण, रॉयटलिंगेनहून दोन दिवस आधीच येऊन दाखल झाली होती. तिने पडदे धुतले, आईला केस सेट करायला नेलं, सफरचंदाचा केक भाजला. एकार्टने स्वतः खिडक्यांच्या काचा पुसल्या. सरकारी माणूस घरी येणार म्हटल्यावर दुसरं काय करतात? त्यात त्या आठवड्यात इमारतीचा सामाईक जिना झाडायची पाळी त्यांच्याच घराची होती. पाळीची पुठ्ठ्याची पाटी दारावर लटकत होती, आणि तपासनीस बाई वर चढून आल्या तर आई हातात केरसुणी घेऊन जिन्यावर उभी. "पाय पुसून या हं," तिने त्यांना सांगितलं. मग चांगल्या कपांतून कॉफी दिली, पाठ ताठ ठेवून बसली, साल कुठलं ते सांगितलं, नव्या महापौराबद्दल दोन खवचट शब्दही बोलली. त्या बाईंनी केकचा दुसरा तुकडा मागून घेतला. त्या गेल्या आणि आईचं उसनं अवसान गळून पडलं. दोन दिवस ती अंथरुणातून उठली नाही, आणि ते अंथरूण कितीदा बदललं हे एकार्टने कुणाला सांगितलं नाही. अर्ज अर्थातच नामंजूर झाला. पण मनाला टोचत होतं ते वेगळंच. आई ताठ बसून बोलत होती तेव्हा त्याला तिचा अभिमान वाटला होता, आणि बाईंनी "मदत लागते का?" असं त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "चालतंय."

चालतंय. हा त्यांच्या घरातला शब्द होता. वडील शेवटच्या आजारात डॉक्टरांना हेच सांगत गेले. एकार्टची बायको सोडून गेली तेव्हा शेजारच्या बित्सर बाईंनी जिन्यात थांबवून चौकशी केली होती, तेव्हा तोही हेच म्हणाला होता. आईने मात्र त्या दिवशी त्याला विचारलंही नव्हतं. तिने फक्त बघितलं होतं. त्याची आई, लोरे आयझेले, विणमालाच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होती, आयुष्यभर. गंजीफ्रॉक, मोजे, बायकांच्या बंड्या तिच्या हाताखालून जात, आणि सुटलेला एक टाका तिच्या नजरेतून सुटत नसे. घरी आल्यावर ती नजर काही कारखान्यात ठेवून येत नसे. लहानपणी एकार्ट शाळेत रडून, तोंड धुऊन, हसत घरी आला तरी ती दार उघडल्या उघडल्या विचारी, "कोणी मारलं?" त्याला त्या वेळी तिचा राग येई. आता तिला वाटीतल्या सुपात चमचा कुठल्या बाजूने धरायचा ते कळत नव्हतं, आणि कधीकधी ती त्याला कारखान्यातला मुकादम समजून उठून उभी राहत होती.

तो पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचा. दोन वर्षांपासून अर्धा दिवस. ते अर्धे दिवस बित्सर बाई आईवर नजर ठेवत. आता त्यांचेही गुडघे बोलू लागले होते. प्रयोगशाळेने प्रेमाने, पण स्पष्ट विचारलं होतं: नव्या वर्षापासून पूर्ण दिवस येणार की सोडणार? सोडलं तर तो आणि आई, चार खोल्या आणि सगळा दिवस. हा विचार आला की त्याला छातीवर कुणीतरी ओली सतरंजी टाकल्यासारखं होई. पहाटे जाग यायची. पुन्हा झोप लागणार नाही हे कळायचं. मग तो उठून स्वयंपाकघरातली मागची खिडकी उघडायचा आणि उभा राहायचा. खाली अंगणाची फरशी, कचऱ्याचे डबे, सायकली. थंडी वाजायची ते बरं वाटायचं. तेवढ्यात आई मागून यायची, अनवाणी, आणि त्याचा सदरा मुठीत धरायची. ती पकड सुटता सुटायची नाही. तिला शौचाला जायचं असेल म्हणून तो एकेक बोट सोडवून तिला संडासात नेऊन बसवायचा. बहुतेक वेळा तिला जायचंच नसायचं. तो चिडायचा, तिला अंथरुणात घालायचा, आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचा.

आक्सोय बाईंनी सगळ्या घराची तयारी करून घ्यायचं ठरवलं होतं. सगळं घर म्हणजे एकार्ट आणि गुद्रुन. आईला बित्सर बाईंकडे बसवून ते तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. बाई तपासनीस झाल्या आणि प्रश्न विचारू लागल्या. गुद्रुन पहिल्याच प्रश्नाला म्हणाली, "तशी ठीक आहे हो आई. वयाच्या मानाने." आक्सोय बाईंनी पेन खाली ठेवलं. तुमची आई ठीक असेल तर मी इथे कशाला आले, असं त्यांनी शांतपणे विचारलं, तेव्हा गुद्रुनचा चेहरा लाल झाला. आपल्या आईची लाज चारचौघांत काढायची कशी, ती म्हणाली, तीही आईसमोर? त्यावर बाई जे बोलल्या ते एकार्टला पुढे कितीतरी दिवस पाठ असल्यासारखं आठवत राहिलं.

"त्या खोटं बोलणार नाहीत. त्यांना खरंच वाटतं की स्वयंपाक त्याच करतात. पण तपासनीस त्यांना पहिल्यांदाच बघतोय. त्या म्हणाल्या आणि तुम्ही गप्प बसलात, तर त्यांचंच खरं धरलं जाईल. प्रत्येक वेळी मधे बोलायचं. लगेच. त्यांना वाईट वाटलं तरी."

मग एकार्टची पाळी आली. अंघोळ? मी घालतो. कपडे? मी. गोळ्या? लपवते, थुंकते. शब्द एकामागून एक सुटत गेले. गुद्रुन त्याच्याकडे बघत होती. यातलं अर्धंअधिक ती पहिल्यांदाच ऐकत होती. रात्रीचं विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की पहाटे उठते, अंधारात फिरते, मागून येऊन मला धरते आणि सोडत नाही. आक्सोय बाई म्हणाल्या की हे अगदी महत्त्वाचं आहे, हे विसरू नका, रात्रीच्या अस्वस्थपणाला वजन असतं. "पण तू त्या वेळी खिडकीत काय करतोस?" गुद्रुनने विचारलं. "हवा घेतो," तो म्हणाला. बाईंनी पुढचा प्रश्न काढला.

तो आठवडा वाईट गेला. घर न आवरणं हे काम आवरण्यापेक्षा अवघड आहे, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मोरीत भांडी साठली. आईच्या खोलीतला वास दाराबाहेर येऊ लागला आणि एकार्ट नाकावर हात धरून त्या दारापुढून जाऊ लागला, जणू तो वास दुसऱ्या कुणाच्या घरातला होता. हात शिवशिवायचे. एकदा तो फडकं घेऊन उठला, टेबलाचा कोपरा पुसला आणि चोरी पकडल्यासारखा थांबला. आईला मात्र हे सगळं दिसत होतं. ती खुर्चीत बसून मोरीकडे बघायची, मग त्याच्याकडे, मग पुन्हा मोरीकडे. "तुला बरं नाही का?" तिने एकदा विचारलं. बरं आहे, तो म्हणाला. तिचा विश्वास बसला नाही. जिन्याची पाळी आली आणि त्यांनी झाडलं नाही, तेव्हा बित्सर बाईंनी दार वाजवून घरात कोणी आजारी आहे का म्हणून विचारलं. एकार्टने सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि संध्याकाळी मुकाट्याने एकार्टच्या वाटचा जिना झाडून काढला. घरात काहीही चालू दे, जिना सगळ्यांचा होता.

तपासनीस वेंट नावाचा तरुण माणूस होता. मवाळ आवाजाचा, बूट पावसाने भिजलेले, लॅपटॉप गुडघ्यांवर. कॉफी नको म्हणाला. गुद्रुनने शब्द पाळला होता. केक आणला नव्हता, पण रिकामे हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं. आई जुन्या निळ्या झग्यात बसली होती, झग्यावर सकाळच्या खिमटाचा डाग, आणि पाहुणा आला हे कळताच तिची पाठ ताठ झाली. एकार्टला ती ताठ पाठ बघवेना. वेंटने तिला दोन्ही हात मानेमागे न्यायला सांगितले. तिने नेले. उठून चालायला सांगितलं. ती खिडकीपर्यंत जाऊन आली आणि बसताना झगा नीट सारखा केला. "स्वयंपाक कोण करतं, आयझेले बाई?" त्याने विचारलं. "मीच की," ती म्हणाली, "दुसरं कोण करणार?" आणि एकार्ट लगेच म्हणाला, "नाही. शेगडीचा फ्यूज मी काढून ठेवलाय. दोनदा आग लागता लागता राहिली." आईने मान वळवून त्याच्याकडे बघितलं. कपडे? मीच घालते. नाही, मी घालतो, बटणं तिला लावता येत नाहीत. बाहेर जाता का? जाते ना, बाजारात. नाही, बाजारात हरवली होती, पोलिसांनी आणून सोडली. पहिल्या दोन-तीन वेळा त्याच्या कानशिलांत रक्त धडधडलं. मग ते थांबलं. मग त्याच्या लक्षात आलं की आपला आवाज सपाट झालाय. प्रयोगशाळेत आपण नमुन्याचे दोष वाचून दाखवतो तसाच. आणि त्याला ते जमतंय. आईचा चेहरा उत्तरागणिक थोडा थोडा मिटत चालला होता. गुद्रुन जमिनीकडे बघत होती. वेंट टाइप करत होता.

"रात्री झोप लागते का?" वेंटने विचारलं.

"मला लागते," आई म्हणाली. "याला लागत नाही."

वेंटने वर बघितलं. आई त्याच्याकडे झुकली. इतका वेळ ती परीक्षेला बसल्यासारखी बोलत होती. आता आवाज बदलला, खालचा झाला, चाळिशीतल्या बाईचा, जिला दुसऱ्या टेबलावरच्या बाईला काहीतरी महत्त्वाचं सांगायचं आहे. "माझं लिहून काय करता? याचं लिहा," ती म्हणाली. "हा जेवत नाही. उभ्या उभ्या काहीतरी खातो. भांडी पडलीत बघा मोरीत, हा असा नव्हता. न्हाणीघरात नळ सोडून रडतो. मला ऐकू येत नाही असं वाटतं त्याला. आणि पहाटे त्या मागच्या खिडकीत उभा राहतो. वाकून. खाली बघत. मी जाऊन त्याचा सदरा धरते. मी म्हातारी, माझ्या हातात किती जोर असणार? एखाद्या दिवशी मला जाग नाही आली तर? याला काही मिळतं का बघा. कोणीतरी पाठवा याच्यासाठी."

एकार्टच्या पाठीवर, खांद्यांच्या मध्ये, ती मूठ त्याला आत्ता जाणवली. एवढे महिने त्याने ती बोटं एकेक करून सोडवली होती. संडासाच्या गार भांड्यावर तिला बसवून, चल, आटप, म्हणत तो दारात उभा राहिला होता, आणि ती बसून त्याच्याकडेच बघत राहायची, त्याला वाटायचं, रिकाम्या नजरेने. आपण खिडकीत वाकून काय बघतो हे त्याने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. सुटलेला टाका तिने बरोबर हेरला होता. गुद्रुनने मान वर केली होती. तिचं तोंड किंचित उघडं होतं. त्याला वाटलं आता उठावं, आईच्या मांडीवर डोकं ठेवावं आणि म्हणावं, हो. एवढंच म्हणावं. आणि मग? मग हा माणूस काय लिहील? की वृद्धा शुद्धीवर आहे, मुलाची काळजी घेते, नजर शाबूत, समज शाबूत. पुन्हा एक नामंजुरीचा कागद. पुन्हा चार खोल्या. किंवा त्याहून वाईट, या मुलाच्या हातात ही बाई ठेवायची का, असा प्रश्न. वेंट त्याच्याकडे बघत होता. गप्प बसलं तर तिचंच खरं धरलं जाईल.

"तसं काही नाही," एकार्ट म्हणाला. आवाज तोच, सपाट. "मी व्यवस्थित झोपतो. तिला भास होतात. रात्री उठून फिरते, अंगाला येऊन झोंबते, सोडत नाही. हे आता रोजचंच झालंय."

वेंटने मान डोलावली आणि बराच वेळ टाइप केलं. आईने एकार्टकडे बघितलं. तिच्या बघण्यात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"नाही का?" तिने विचारलं.

"नाही, आई."

"तू नव्हतास खिडकीत?"

"नव्हतो."

तिने जरा विचार केला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या, आज आपली निघाली, आणि ती मान्य करायला हवी, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर आलं. "मग मलाच दिसलं असेल," ती वेंटला म्हणाली, जवळजवळ माफी मागितल्यासारखं. "लिहा तसं." पाठ मागे टेकली आणि त्यानंतर तिने कुठल्याच प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. दर वेळी एकार्टकडे बोट केलं. वेंट गेल्यावर जिन्यात गुद्रुनने त्याचा दंड धरला आणि विचारलं की ती म्हणाली त्यात काही खरं आहे का. तो म्हणाला, नाही गं, तू ऐकलंस ना. तिने दंड सोडला. तिला सुटल्यासारखं वाटलं हे त्याने पाहिलं आणि तिला दोष दिला नाही.

श्रेणी मागितली होती त्याहून वरची लागली. आक्सोय बाईंनी फोनवर अभिनंदन केलं, घराने छान तयारी केली म्हणाल्या. केंद्राची छोटी गाडी सकाळी येऊ लागली, अंघोळ घालायला बाई येऊ लागली, प्रयोगशाळेत त्याने पूर्ण दिवसाचं पत्र दिलं. घर पुन्हा आवरलेलं असे. केंद्रातल्या बायका सांगत की आयझेले बाई फार गुणी आहेत, काही मागत नाहीत, दाखवाल तिथे बसतात. घरीही तेच. ती आता विचारून घ्यायची. हे सूप आहे ना? बाहेर बर्फ पडतोय ना, की मला दिसतोय? पडतोय, आई, तो म्हणायचा, आणि ती समाधानाने खिडकीकडे बघायची. पहाटे ती उठेनाशी झाली होती. आक्सोय बाईंना वाटलं, दिवसभर केंद्रात रमते म्हणून झोप लागत असेल.

त्याला मात्र लागत नव्हती. सगळं मिळालं होतं तरी लागत नव्हती, आणि याला कारणही सांगता येत नव्हतं. जानेवारीत एका पहाटे तो मागच्या खिडकीत उभा होता. कठडा इतका गार होता की तळहात चिकटत होते. तो वाकला होता. किती वाकलो आहोत हे त्याला कळत नव्हतं. तेवढ्यात मागे अनवाणी पावलं आली आणि त्याचं सगळं अंग त्या मुठीची वाट बघत थांबलं. मूठ आली नाही. त्याने मान वळवली. आई दारात उभी होती. हात अर्धवट पुढे आलेला, बोटं उघडी, आणि डोळे त्याच्यावर, पूर्वीसारखे, काही न सोडणारे.

"आई," तो म्हणाला.

"नाही, नाही," ती समजूतदारपणे म्हणाली. "मला कळतं आता. तू तिथे नाहीस."

तिने हात मागे घेतला, अंधारात चाचपडत दाराची कडी शोधली आणि त्याला त्रास होऊ नये म्हणून दार हळूच लावून घेतलं.